सत्तावन्न अंश

अंधांसाठी पुस्तकं वाचून त्यांचं रेकॉर्डिंग जपणाऱ्या एका ग्रंथालयात ताई सव्वीस वर्षं रेकॉर्डिस्ट होती. ती लागली तेव्हा कॅसेटी होत्या. पुढे सीडी आल्या, आणि मग सगळंच एका लोखंडी डब्यात गेलं. डबा बुटांच्या दोन खोक्यांएवढा. आत सहा हार्ड डिस्क उभ्या, प्रत्येकीपुढे एक हिरवा दिवा. अठराशे चाळीस पुस्तकं त्या सहा दिव्यांच्या मागे होती.

ग्रंथालय पहिल्या मजल्यावर, आणि खाली रस्त्याला लागून वेल्डिंगची तीन दुकानं. त्यामुळे रेकॉर्डिंगच्या खोलीला खिडकी ठेवलीच नव्हती. मध्ये जाड काच. काचेच्या अलीकडे ताई आणि तिची यंत्रं, पलीकडे वाचणारा माणूस. वाचायला नवीन कोणी आलं की ताई दारातच सांगायची, घड्याळ काढून ठेवा, कडक इस्त्रीचे कपडे घालून येऊ नका आणि उपाशीपोटी येऊ नका, पोट वाजतं ते माइकला ऐकू येतं.

सगळ्यांत जास्त पुस्तकं वाचली होती ती ताईच्या सासूबाईंनी. एकशे त्रेचाळीस. ताईच्याही आधीपासून त्या तिथे वाचायच्या. तिला नोकरी लागली तीही त्यांच्याच शब्दावर. शाळेत भाषा शिकवण्यात जन्म गेलेला. एक जोडाक्षर घसरलं तरी अख्खं पान पुन्हा वाचायच्या, आणि काचेपलीकडून सुनेकडे अशा बघायच्या, की जणू ते तिच्याच हातून घसरलं.

सहा वर्षांपूर्वी एकदा त्यांनी हेडफोन लावून स्वतःचं पुस्तक ऐकलं आणि म्हणाल्या, "मागे काहीतरी घुमतंय."

"आई, तो डब्याचा पंखा आहे."

"मग नक्की कोण वाचतंय? मी की डबा?"

त्यांनी सेक्रेटरींकडे तक्रार केली. सेक्रेटरी म्हणजे निवृत्त इंजिनिअर, आयुष्यभर पूल बांधलेला माणूस. काम मनावर घेतलं की जाडजूडच करायचा. त्यांनी डब्यासाठी भिंतीत जाड प्लायवुडचं कपाट करून घेतलं, दाराला रबराची पट्टी लावली. आतून आवाज शोषणारा लोकरीचा जाड नमदा ताईनेच चिकटवला, गुडघ्यांवर बसून, दोन दिवस. रेकॉर्डिंग चालू असताना कपाट बंद ठेवायचं, असा समितीत ठराव झाला. त्यानंतरची रेकॉर्डिंग ऐकली की कान तृप्त व्हायचे. शब्द आणि शब्दांमधली शांतता, बाकी काही नाही. खोटं कशाला बोला, ताईलाही त्याचा अभिमान होता.

फक्त डिस्क तापायला लागल्या. पूर्वी अडतीस अंशांच्या वर क्वचित जाणाऱ्या, त्या पंचेचाळिसावर गेल्या. पुढे उन्हाळ्यात पन्नास. संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यात आकडा दिसायचा. ताईने कपाटाच्या दारावर एक कागद डकवला आणि रोज तीनदा पेन्सिलीने तो आकडा लिहायला लागली. महिन्याअखेर तो कागद सेक्रेटरींच्या टेबलावर जायचा.

"साठपर्यंत चालतं," सेक्रेटरी म्हणायचे. "डिस्कवर कंपनीनेच छापलंय."

ही गोष्ट तिने एकदा दुरुस्तीवाल्याला सांगितली. हा वर्षातून दोनदा येणारा मध्यमवयीन माणूस, एका कानाने कमी ऐकायचा आणि दुसऱ्या कानाने डिस्क आजारी आहे का ते ओळखायचा.

"छापलंय खरं," तो म्हणाला. "साठला लगेच मरत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ताई, तुम्ही एकशे तीन तापात कामावर जाऊ शकता ना? जाल. पण रोज गेलात तर? यांना तिशीत-चाळिशीत ठेवा, निवांत म्हाताऱ्या होतील. पन्नासच्या वर रोज भाजल्यात तर तरणीताठीसुद्धा अचानक जाईल."

हेही तिने सेक्रेटरींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या खोलीत डबा हलवायचा तर भिंती फोडून तारा न्याव्या लागतील, पुढच्या वर्षी बघू, असं म्हणाले. पुढचं वर्षही तसंच गेलं. ताईने पुन्हा म्हटलं नाही. एकच गोष्ट चार वेळा सांगितली की सांगणाऱ्याचाच त्या गोष्टीवरचा विश्वास उडतो.

शिवाय घरचंही होतंच. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना झटका आला. हात-पाय बऱ्यापैकी सावरले, पण जीभ जड झाली. वाचणं संपलं. नवरा पाणीपुरवठ्यात पंपावर, त्याच्या पाळ्या आठवड्याला बदलायच्या. त्यामुळे सकाळी सासूबाईंच्या हाताचा व्यायाम, आंघोळ, औषधं, त्यांचं जेवण झाकून ठेवणं, हे सगळं उरकून ताई दहाला स्टुलावर येऊन बसायची, तेव्हा तिचा एक दिवस आधीच संपलेला असायचा. चोपन्न वर्षांची होती. जिना चढून आली की क्षणभर भिंतीला हात लावून उभी राहायची. विचारलं तर म्हणायची, "काही नाही, चप्पल सरकली."

त्या उन्हाळ्यात, एका सोमवारी, चौथा दिवा लाल झाला.

दुरुस्तीवाला आला, मेलेली डिस्क काढली, नवी घातली. "एक गेली तर डबा तग धरतो," तो म्हणाला. "पण आता नवीला भरायला बाकीच्या पाच जणी दोन दिवस सलग राबणार. लग्नघरासारखं समजा. दार उघडं ठेवा, पंखा लावा, आणि दोन दिवस रेकॉर्डिंग नको."

ताईने सेक्रेटरींना फोन केला. ते म्हणाले, "एक दिवस थांबवू. पण मंगळवारचं कसं टाळणार? बँकवाल्यांनी खास रजा टाकली आहे."

बँकवाले म्हणजे बँकेतले एक कारकून. आवाज चांगला, माणूस सज्जन. ते इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक वाचत होते, पदवीच्या परीक्षेला बसणाऱ्या अकरा अंध मुलींना ते हवं होतं, आणि परीक्षा तोंडावर आली होती. ताईने फोन ठेवला.

मंगळवारी साडेअकराला तिने कपाटाचं दार लावलं. रबराची पट्टी फुसकन बसली. खोलीतला एसीही बंद केला. त्याचाही आवाज यायचा. बँकवाल्यांनी घसा साफ केला आणि सुरू केलं.

बाराला एकोणपन्नास. साडेबाराला त्रेपन्न. ताईने त्यांना थांबवलं, दार उघडलं, एसी लावला, दोघं पंधरा मिनिटं पाणी पीत बसले. आकडा पन्नासवर आला. पुन्हा सुरू. एक वाजून वीस मिनिटांनी तिने पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. सत्तावन्न.

बँकवाले रंगात आले होते. प्रकरणाची आठेक पानं राहिली होती. सकाळपासून दोनदा अडखळलेला आवाज आता सरळ रुळावर आला होता. आत्ता थांबवलं तर ते पुन्हा घसा साफ करणार, पुन्हा पाणी, पुन्हा "कुठे होतो आपण?" आणि पुन्हा तेच पान. ताईचा हात बटणावर गेला होता. मग तिने तो मांडीवर ठेवला.

पुढे तिला कितीतरी जणांनी विचारलं, आणि तिने स्वतःलाही विचारलं, की का नाही थांबवलंस. आकडा दिसला नाही असं नाही. त्याचा अर्थ कळला नाही असंही नाही. ती दमली होती. आणखी एक गोष्ट थांबवायची, आणखी एका माणसाला समजावायचं, एवढंही अंगात उरलं नव्हतं. आठ पानं, तिने मनात म्हटलं. होऊन जाऊ दे.

सहा पानं झाली. मग कपाटातून बारीक शिटी सुरू झाली. एवढ्या नमद्यातूनही ती आली. बँकवाले वाक्याच्या मध्येच थांबले. ताईने दार उघडलं तेव्हा आतून भट्टीसमोर उभं राहिल्यासारखी झळ आली. दुसरा दिवा लाल होता. नवी डिस्क जेमतेम निम्मी भरली होती. ती बघत असतानाच बाकीचे दिवेही एकेक करून विझले.

"काय झालं?" बँकवाल्यांनी काचेपलीकडून विचारलं.

"तुम्ही घरी जा," ताई म्हणाली. "आजचं झालं."

दुरुस्तीवाल्याने डिस्क एकेक करून कानाशी धरल्या. एकीतून खरवडल्यासारखा आवाज येत होता. त्याने ती खाली ठेवली आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिला.

"ताई, एकेक पुस्तक सहाही डिस्कवर तुकडे करून ठेवलेलं असतं. एक जण गेली तर बाकीच्या मिळून तिचं आठवून सांगतात. दोन गेल्या की कोणालाच काही सांगता येत नाही."

एक जादा प्रत होती. मोठ्या डिस्कवर सगळी पुस्तकं वर्षातून एकदा उतरवून ठेवायचे. पण ती डिस्क चोरीला जाऊ नये म्हणून त्याच कपाटात, वरच्या फळीवर, कुलपात ठेवलेली असायची. गरम हवा वर जाते हे पूल बांधणाऱ्या इंजिनिअरला आणि नमदा चिकटवणाऱ्या बाईला, दोघांनाही ठाऊक होतं. दोघांनीही कधी तो विचार केला नव्हता. त्या डिस्कने तीनशे दहा पुस्तकं दिली आणि टक-टक करत थांबली.

"माझा पुतण्या म्हणतो, फ्रिजमध्ये ठेवायची रात्रभर," सेक्रेटरी म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "गार झाली की चालते म्हणे."

"आत दव धरेल साहेब," दुरुस्तीवाला म्हणाला. "भाजलेल्या माणसाला बर्फात पुरल्यासारखं होईल."

सगळ्या डिस्क दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेल्या. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, की दोन डिस्कच्या तबकड्यांवर ओरखडे आहेत, काही मिळण्याजोगं नाही.

त्या तीन आठवड्यांत ताई रोज दहाला येऊन स्टुलावर बसायची. करायला काम नव्हतं. सवयीने एक-दोनदा पेन्सिल हातात घेतली आणि कपाटाच्या दारावरच्या कागदासमोर जाऊन परत आली.

घरी तिने फक्त यंत्र बिघडलं आहे एवढंच सांगितलं होतं. सासूबाईंनी विचारलं, "पुस्तकं?" ती म्हणाली, "बघतायत." झटक्यानंतर त्या थोडक्यात बोलायच्या, म्हणून खोटंही थोडक्यातच बोलता यायचं.

चौथ्या आठवड्यात ऑपरेटर आला. हा ग्रंथालयाचा सगळ्यात जुना सभासद, जन्मांध, तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेला. दर गुरुवारी मेमरी कार्ड घेऊन यायचा, नवीन पुस्तक भरून न्यायचा. ताईने त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं, आकड्यासकट.

तो काठीची मूठ चाचपत राहिला.

"ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा."

"पुस्तक दोन आठवड्यांत ऐकून पुसून टाकायचं, असा नियम आहे. बरोबर?"

"हो." लेखक आणि प्रकाशकांनी परवानगी दिली होती ती याच अटीवर. सेक्रेटरी दर वर्षी सभासदांकडून तसं लिहून घ्यायचे.

"मी पुसत नाही," ऑपरेटर म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे सुरुवातीला पुसायचो. मग एकदा एक पुसलं आणि आठ दिवसांनी पुन्हा ऐकावंसं वाटलं. तुम्हाला कपाटातून पुस्तक काढून चाळता येतं, ताई. आम्ही काय चाळणार? म्हणून ठेवायला लागलो. घरी चारशे बारा आहेत." मग थोडं थांबून, "मी एकटाच नाही. पण नावं मी सांगणार नाही. फोन मात्र करतो सगळ्यांना."

त्याने ग्रंथालयाचा फोन पुढे ओढला. एकही नंबर कुठे लिहिलेला नव्हता, सगळे तोंडपाठ. दुपारभर तो बोलत होता. ताई समोर बसून ऐकत होती. प्रत्येक फोनमध्ये पहिली दोन मिनिटं पलीकडचा माणूस शपथा घ्यायचा, की आपण एकूण एक पुस्तक पुसलं. मग ऑपरेटर म्हणायचा, "अहो, पकडायला नाही विचारत. सगळं गेलंय इथलं." मग पलीकडून हळूच, "तशी थोडी असतील."

सोमवारपासून लोक यायला लागले. पहिल्या मजल्याच्या जिन्यावर काठ्यांची टकटक दिवसभर चालू असायची. खुर्च्या विणणारे एक गृहस्थ औषधाच्या डबीत नऊ कार्डं घेऊन आले. गणिताच्या एका शिक्षिकेने सगळी पुस्तकं विषयवार लावून, प्रत्येक कार्डाला वेगवेगळ्या गाठींचा दोरा बांधून आणली, आणि ताईच्या हातात देताना म्हणाली, "हे मी एका मैत्रिणीसाठी आणलंय, माझी नाहीत." एक आजी जुन्या कॅसेटींची पिशवी घेऊन आल्या, त्यांना वाटलं होतं की आता शिक्षा होणार, म्हणून नातीला बरोबर आणलं होतं.

सेक्रेटरी आपल्या खोलीच्या दारात उभे राहून हे बघत होते. सभासदांनी लिहून दिलेले कागद त्यांच्याच कपाटात होते. एका दुपारी त्यांनी खुर्ची बाहेर आणली आणि येणाऱ्यांना जिन्यावरून हात धरून आत आणायला लागले.

ताई प्रत्येक कार्ड उघडायची, पुस्तक तपासायची, नवीन डिस्कवर उतरवायची. मान दुखायची, डोळे चुरचुरायचे. एक खुनाची रहस्यकथा अकरा जणांकडून आली. एक प्रेमकथा सतरा जणांकडून, आणि सतराही जणांनी ती दुसऱ्या कोणाची तरी असल्याचं सांगितलं. पण व्याकरण, कायद्याच्या ओळखीची पुस्तकं, जुने निबंध, शाळेचे संदर्भग्रंथ यांतलं काही येईना. ज्यांना ती परीक्षेपुरती हवी होती, त्यांनी ती नियमाप्रमाणे पुसून टाकली होती.

मधल्या एका दिवशी तिने ऑपरेटरला विचारलं, "पूर्वीच्या रेकॉर्डिंगमध्ये मागे पंख्याचा आवाज यायचा. त्रास व्हायचा का हो?"

"कसला आवाज?" तो म्हणाला. मग आठवून, "हां, ते. आमच्या एक्स्चेंजमध्ये याहून मोठा होता. कान शब्दाकडे असतो, ताई."

तिला रडू आलं नाही. फक्त स्टुलावरून उठून ती थोडा वेळ जिन्यात जाऊन उभी राहिली.

दीड महिन्याने हिशेब लागला. अठराशे चाळीसपैकी अकराशे ऐंशी परत आली. सहाशे साठ गेली. समितीच्या बैठकीसाठी सेक्रेटरींनी अहवाल लिहिला आणि सहीआधी ताईला वाचायला दिला. त्यात लिहिलं होतं, 'अतिउष्णतेमुळे तांत्रिक बिघाड.'

"साहेब, मी सत्तावन्न बघितले होते, तेही लिहा," ताई म्हणाली. "बघून गप्प बसले."

"कशाला? तुमच्या नोकरीची चार वर्षं राहिलीत."

"लिहा. पुढे जी कोणी इथे बसेल तिला कळायला हवं, की आकडा दिसला की थांबायचं असतं. नाहीतर ती पण आठ पानं मोजत बसेल."

सेक्रेटरींनी कागद परत घेतला. "तुमचं लिहिलं तर मग मला कपाटाचंही लिहावं लागेल. आणि दर महिन्याचे ते कागद माझ्या टेबलावर येत होते, तेही."

"ते तुमचं तुम्ही बघा."

दोन दिवस अहवाल त्यांच्या टेबलावर पडून होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो नव्याने लिहिला, दोन्ही गोष्टी घालून, आणि स्वतःच वाचून दाखवला. समितीने दोघांनाही समज देणारी चिठ्ठी दिली. डबा सेक्रेटरींच्याच खोलीत हलवायचा ठरला, उघड्यावर, खिडकीजवळ, सावलीच्या बाजूला. जादा प्रत दर महिन्याला काढून ऑपरेटरच्या घरी ठेवायची, असंही ठरलं. ते सुचवलं सेक्रेटरींनीच. "त्यांचा या कामातला अनुभव मोठा आहे," ते म्हणाले, आणि बैठकीत पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

एक काम राहिलं होतं. त्या संध्याकाळी ताई घरी आली, हातपाय धुतले, आणि सासूबाईंच्या खोलीत जाऊन त्यांचा उजवा हात व्यायामासाठी मांडीवर घेतला. बोटं एकेक करून उघडायची, मिटायची. नवरा दारात उभा राहिला. त्याने बायकोचा चेहरा पाहिला आणि तो खुर्ची घेऊन आत येऊन बसला.

"आई, डिस्क जळल्या," ताई म्हणाली. "दोन महिने होऊन गेले. तुम्हाला सांगितलं नाही. सहाशे साठ पुस्तकं गेली."

सासूबाई बोटांकडे बघत होत्या. "माझी?"

"एकतीस."

"कुठली?"

ताईने सांगितली. व्याकरणाची सगळी गेली होती. निबंध गेले होते. सासूबाईंना ज्यांचा सगळ्यांत जास्त अभिमान, ज्यांची एकेक ओळ त्यांनी चार-चारदा वाचली होती, नेमकी तीच.

"कपाटामुळे?" त्यांनी विचारलं. शब्द जड होता, पण त्यांनी तो नीट, पूर्ण उच्चारला.

"कपाटामुळे. आणि माझ्यामुळे. आकडा वर गेलेला दिसत होता. मी थांबवलं नाही."

"का?"

"दमले होते."

सासूबाईंनी हात काढून घेतला. ताईला वाटलं, आता तोंड फिरवतील. त्यांनी तो हात हळूहळू, फरफटत नेल्यासारखा, सुनेच्या गुडघ्यावर ठेवला.

"कपाट... माझ्यामुळे," त्या म्हणाल्या.

"आई, तसं काही नाही," नवरा म्हणाला.

"आहे," त्या म्हणाल्या. आणि मग त्याला, "तू... चहा कर."

तो उठून गेला. ताईने त्यांची बोटं पुन्हा उघडायला-मिटायला घेतली. बाहेर कोणाची तरी मोटरसायकल चालू होत नव्हती. तो माणूस पुन्हा पुन्हा किक मारत होता. सासूबाईंनी विचारलं, "परत वाचणार? कोण?"

"बँकवाले तयार आहेत. साठलेली रजा टाकून आठवड्यातून दोन दिवस येतो म्हणालेत."

"त्याचे उच्चार..." त्यांनी डोळे मिटून मान हलवली. "मी येते."

"आई, बावीस पायऱ्या आहेत."

"येते."

पुढच्या मंगळवारी त्या गेल्या. रिक्षातून उतरायला दहा मिनिटं, जिन्याला पंचवीस. ताई एका बाजूने धरून, दुसऱ्या हातात औषधांची आणि पाण्याची पिशवी. मधल्या वळणावर सेक्रेटरी खुर्ची घेऊन उभे होते. बँकवाले आधीच येऊन काचेपलीकडे बसले होते, परीक्षेला बसल्यासारखे. सासूबाईंना हेडफोन लावला, त्यांच्या चांगल्या हाताखाली एक घंटी ठेवली. पहिल्या पानात त्यांनी ती नऊ वेळा वाजवली. दुसऱ्यात सहा. जेवायच्या सुट्टीत बँकवाले ताईला बाजूला घेऊन म्हणाले, "शाळेत असताना मी इतका कधी घाबरलो नव्हतो," पण संध्याकाळी जाताना पुढचं प्रकरण घरी सरावासाठी मागून घेतलं.

त्या दिवशी अकरा पानं झाली.

घरी परतताना रिक्षात ताईने डोकं मागे टेकलं होतं. आता आठवड्यातून दोनदा हे सगळं, घरचं तर आहेच, आणि शनिवारी ऑपरेटरकडे डिस्क पोचवायची. सासूबाईंनी तिला कोपराने ढोसलं.

"वर्षाला... किती होतात?"

"सगळ्यांची मिळून चाळीस. फार तर."

सासूबाई बोटांवर मोजत राहिल्या. "सहाशे साठला... सोळा वर्षं."

"हो. आणि माझ्या नोकरीची चार राहिलीत. तुमचं वय तुम्हाला माहीत आहे."

"मग एकशे साठ," सासूबाई म्हणाल्या. "कुठली... ते ठरव."

ताईच्या मते आधी परीक्षेची पुस्तकं घ्यायला हवी होती. सासूबाईंच्या मते व्याकरण. घर येईपर्यंत त्यावर दोघींचं एकमत झालं नाही.